शेळी दाखव, न्हाईतर कान दाखव

संपादक साहेबांचा फोन आला, "दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिहून द्या." मी म्हणलं, साहेब, नंबर चुकला जणू. असले लेख रिटायर झालेले लोक लिहितात. वर फोटो असतो, चष्मा आन मफलर, खाली लिहिलेलं असतं की लेखक सध्या नातवंडांत रमले आहेत. माझं अजून लग्न जमंना, नातवंडं कुठून आणू? ते हसले. म्हणले, "त्या मल्टीस्टेटचा घोटाळा झाला तेव्हा तुम्ही रिक्षावरून लोकांना समजावत फिरत होतात ना? तेवढंच लिहा."

तर लिहितो. पण जसं बोलतो तसंच लिहिणार. ज्याला शुद्ध पाहिजे त्यानं आमच्या शाळेच्या हेडमास्तरांच्या आवाजात वाचावं. सातवीत मी त्यांचा आवाज काढत होतो आन ते मागं उभे राहून ऐकत होते. माझ्या कलेला पहिल्या टाळ्या त्यांनीच दिल्या, फक्त त्या माझ्या पाठीवर वाजल्या.

माझा धंदा भोंग्याचा. केजमधी माझी तीनचाकी हाय. टपावर दोन भोंगे, सीटखाली बॅटरी, हातात माईक. साड्यांचा सेल, नवा दवाखाना, पोलिओचा डोस, नळपट्टी भरा न्हाईतर कनेक्शन तोडू, म्हैस हरवली, म्हैस सापडली, सापडलेली म्हैस आमची न्हाईच. सगळं मी पुकारतो. बाहेरच्याला वाटतं माईक धरला की झालं. तसं न्हाई. रिक्षा चालत असती. दारात भांडी घासणाऱ्या बाईला माझं एकच वाक्य ऐकू येतं. दुसरं वाक्य तिच्या शेजारणीला, तिसरं कुत्र्याला. म्हणून अख्खी खबर एका वाक्यात कोंबायची आन तेच वाक्य गल्लीभर वाटत जायचं. शाळेसमोर भोंगा बंद, दवाखान्यासमोर बंद, सासऱ्याच्या दारात मात्र जोरात. म्हणजे सासरा मिळाला की.

दुसरी गोष्ट आवाजाची. रोज एकच आवाज आला तर लोक त्याला पंख्याच्या घरघरीसारखं विसरून जातात. म्हणून मी माणसं बदलतो. नळपट्टी नगरपंचायतीतल्या बाबूच्या आवाजात, नाकातून. सेल एसटीच्या कंडक्टरच्या आवाजात, "चला, आत सरका, मागं लई जागा हाय!" बायका खिडकीत येऊन बघतात की कंडक्टर गल्लीत कावून आला. मयताची खबर मात्र माझ्या सोत्ताच्या आवाजात. तिथं नक्कल करायची न्हाई, हा माझा कायदा.

आता मल्टीस्टेटचं. नाव लिहीत न्हाई, केस कोर्टात हाय आन वकिलाला द्यायला माझ्याकडं छदाम न्हाई. एकापेक्षा जास्त राज्यांत कारभार करायची परवानगी असलेल्या पतसंस्थेला आमच्याकडं सगळे मल्टीस्टेट म्हणतात. काचेचं दार, आत एसी, दारावरचा शिपाई सलाम ठोकतो, टेबलावरची पोरगी "या काका" म्हणून पाणी देती. बँकेत गेलं तर खिडकीतला साहेब मान वर करत न्हाई. आन व्याज तर बँकेपेक्षा कितीतरी जास्त. लोक जाणार न्हाईत तर काय करतील?

मीबी गेलतो, जाहिरातीचं काम मागायला. मॅनेजर माझा नमुना ऐकून म्हणला, "तुमच्या आवाजाला गावाकडचा वास येतो." मग त्यांनी पुण्याच्या कुठल्या तरी बाईचा आवाज भरून आणला, तुपात घोळलेला. ती केजच्या चौकात दिवसभर सांगायची की तुमचा पैसा आमच्याकडं सुखरूप आहे. मला लई राग आलता. आता वाटतं, त्या मॅनेजरला कधीतरी पेढे द्यावेत.

एक दिवस काचेच्या दारावर कागद लागला, 'सर्वर डाऊन'. आठवडा गेला, महिना गेला, सर्वर काय उठंना. मग शटरच खाली आलं. आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं न्हाई तरी लोक म्हणायचे, सर्वर डाऊन हाय. हसायचे आन हसता हसता गप व्हायचे, कारण ज्यानं त्यानं काही ना काही ठेवलेलंच होतं. कुणाचं जमिनीचं, कुणाचं लेकीच्या लग्नाचं, कुणाचं रिटायरमेंटचं.

त्या दिवसांत माझ्याकडं कमलताई आली. शिवणाचा क्लास चालवती, जीभ कात्रीसारखी. तिचे क्लासचे सगळे पैसे आत अडकले होते. ठेवीदारांची समिती तिनंच उभी केलती.

"भोंग्या, काम हाय. पैसे मिळणार न्हाईत."

"ताई, मग त्याला काम कावून म्हणता?"

"गप बस. परवा सभेत वकील बोलून गेला. तरलता म्हणला, अवसायन म्हणला. लोक माना डोलवून चहा पिऊन गेले. बाहेर येऊन एक म्हातारी मला इचारती, बाई, सर्वर कधी दुरुस्त व्हणार? तू लोकांची बोली बोलतो. तू सांग त्यांना काय झालंय ते."

"ताई, मला तरी कुठं कळलंय?"

"मग आधी कळून घे की. बारावी पास हायस ना?"

तिनं त्या वकिलाकडं मला दोनदा बसवलं. मी घोकून घेतलं आन केजच्या आठवडी बाजारात रिक्षा उभी केली. काय सांगू, माझ्या आयुष्यातला भारी कार्यक्रम! चेअरमनचा आवाज काढला, मॅनेजरचा काढला, टीव्हीवरच्या अर्थतज्ज्ञाचा काढला, त्या तुपातल्या बाईचा तर असा काढला की भाजीवाले गाडा सोडून आले. लोक पोट धरून हसले. एका मामानं माझ्या खिशात दहाची नोट कोंबली. शेवटी एक बाई म्हणली, "लई छान. मग पैसे कधी मिळत्यात?"

कमलताई रिक्षात येऊन बसली. मी म्हणलं, "ताई, हसले की लोक!"

"सर्कशीतबी हसतेत. कळलं काय त्यांना?"

त्या रात्री मला राग तिचा आला का माझा, आजून ठरलं न्हाई.

उत्तर सापडलं ते धंद्यातच. धर्मापुरीकडून रामकिसन नावाचा गडी आला, शेळी हरवलीय, पुकारायचीय. तिकडं त्याच्या गावात गेलो, पारापाशी पहिलंच वाक्य फेकलं, 'रामकिसनची काळी शेळी, कानाला पांढरा ठिपका', आन एक माणूस रिक्षाला आडवा झाला.

"हरवली कशाला पुकारतो बे? शेळी मला अर्धलीनं दिलती यानं!"

अर्धली म्हणजे, ज्यांना ठाऊक न्हाई त्यांच्यासाठी, शेळी माझी, राखायची तू, होणारी करडं निम्मी तुझी, निम्मी माझी. शेळी माझीच राहती. आमच्या भागात पोरासोरांनाबी हे कळतं.

"मग शेळी कुठं हाय? मागितली की तोंड लपवतो, म्हणून हरवलीच म्हणलं," रामकिसन म्हणला.

"मेव्हन्याकडं दिलती चारायला."

"आन मेव्हना?"

"त्यानं इकली. मी काय करू? मला इचारून इकली का?"

पारावर एक आजी शेंगा फोडत बसलती. मान वर न करता म्हणली, "शेळी त्यानं तुला दिलती. मेव्हना तुझा हाय, त्याचा न्हाई. तू शेळी आन." झालं. सगळा पार "बराबर हाय" म्हणला आन निकाल लागला. मी माईक हातात धरून तसाच उभा. मनात म्हणलं, अरे, हे तर आपलंच प्रकरण हाय! आमची मल्टीस्टेट हितं पारावर उभी हाय, मेव्हण्यासकट.

तिथून पुढं मी नकला बाजूला ठेवल्या. गावात जायचो, भोंगा हळू करायचो आन समोरच्याला विचारायचो.

"मामा, शेळी अर्धलीनं दिलीय का कुणाला?"

"दिलीय की."

"राखणारा ती दिवसभर दावणीला बांधून ठेवतो का?"

"बांधून ठिवली तर खाईल काय, तुझा भोंगा?"

"हां! तसंच तुमचा पैका तिजोरीत बांधलेला नसतोय. ठेव घेतली की तो दुसऱ्याला कर्जानं देत्यात. तिकडून व्याज येतं, त्यातलं तुमाला देत्यात, उरलेल्यात त्यांचा एसी चालतो. ह्यात चोरी न्हाई. बँकबी हेच करती. पण समजा गावातले सगळे एकाच सकाळी शेळ्या राखनाऱ्याच्या दारात आले, म्हनले, आमच्या शेळ्या आत्ताच्या आत्ता दे. तर?"

"शेळ्या रानात असत्यात. संध्याकाळपातुर थांबावं लागंल."

"बरं. चांगला राखणदार असंल तर संध्याकाळी शेळ्या येतेत. आता ह्या मल्टीस्टेटवाल्याचं बघा. गावात शेळीला दोन करडं होतेत, ह्यो म्हनला मी चार देतो. शेळी तीच, बोकड तोच, चारा तोच. चार कुठून आली?"

इथं दरवेळी मागून एखादी बाई बोलायची, "दुसऱ्याची उचलून दिली आसतील."

"बराबर, मावशी! नव्या मानसानं शेळी आनून बांधली की तिची करडं जुन्याला. जुना खूश, गावभर सांगतो, चार मिळाली. ते ऐकून आनखी नवे येतेत. नवे येत ऱ्हाईले तवर समदं गोड. ज्या दिवशी नवा मानूस आला न्हाई, त्या दिवशी सर्वर डाऊन."

"आन मूळ शेळ्या?"

"त्या मेव्हन्याकडं. ह्यानं कर्ज बाहेरच्या लोकाला कमी दिलं, सोत्ताच्या कारखान्याला, भावाच्या कंपनीला, साडूच्या डेरीला जास्त दिलं. ते परत करनार न्हाईत आन ह्यो त्यांना मागनार न्हाई."

एका गावात एक मास्तर म्हणले, "मग सरकारी बँकेतबी असंच व्हईल का?" चांगला प्रश्न होता. मी वकिलाकडून पक्कं करून घेतलंतं. बँक बुडाली तर ठेवीला ठरलेल्या रकमेपर्यंत विमा असतो आन बँकेच्या डोक्यावर दुसरा राखणदार बसलेला असतो. पतसंस्थेच्या ठेवीला तसला विमा न्हाई. काचेचं दार होतं, एसी होता, विमा न्हवता. हे कुणी दारावर लिहीत न्हाई.

लोक आता हसत न्हवते. पण जाताना आपापसात बोलत जायचे, "आपल्या शेळ्या मेव्हन्याकडं हाईत म्हन." मला बाजारातल्या दहाच्या नोटेपेक्षा हे जास्त गोड लागायचं.

इकडं चेअरमन जामिनावर सुटला. सगळे त्याला दादासाहेब म्हणायचे. तो गावोगाव फिरायला लागला आन ठेवीदारांकडून संमतीपत्रावर अंगठे घ्यायला लागला. कमलताईनं मला समजावलं, त्या कागदावर अंगठा म्हणजे माझी तक्रार न्हाई, माझी ठेव आणखी काही वर्षं वाढवा. लोकांनी तक्रारी सोडल्या की केसमधली हवा जाणार, सरकारनं धरून ठेवलेली त्याची जमीन सुटणार, आन ती जमीन इकली तरच ठेवीदाराला काही मिळायची आशा. जमीन सुटली की ती मेव्हण्याकडं.

कागद लोक वाचत न्हवते. त्याची गरजच पडत न्हवती, कारण दादासाहेब देवळात जायचा. बेल आन भंडारा, म्हणजे देवाची हळद, तळहातावर घेऊन शपथ घ्यायचा की पै न पै देईन. आमच्याकडं भंडारा उचलून माणूस खोटं बोलत न्हाई. वैरी असला तरी त्याच्या भंडाऱ्यावर विश्वास ठेवायचा, ही रीत. एका गावात आमी दुपारी पोचलो, तर सकाळीच भंडारा उचलून झालता, अंगठे देऊन झालते. एक आजोबा शाईचा अंगठा धोतराला पुसत मला म्हणले, "लेकरा, उशीर केलास, पन आता काळजी न्हाई. शपत घेतलीय त्यानं." त्या गावावरून आजबी रिक्षा नेली की मी भोंगा बंद करतो.

पुढचा नंबर चकलांब्याच्या पलीकडच्या धनगरांच्या वस्तीचा होता. त्या भागातली सगळ्यात मोठी ठेव तिथली. बरेच जण मेंढरं इकून मोकळे झालते, पोरं गाड्यांवर ड्रायव्हर, राखणार कोण? म्हाळूबाबांनीबी कळप इकलेला. वस्तीचे थोरले तेच. त्यांनी अंगठा दिला की सगळी वस्ती देणार, त्यांनी न्हाई म्हणलं की कुणी देणार न्हाई. त्यांची लेक सुभद्रा, नवरा वारल्यावर माघारी आलेली, तिच्या नावानं त्यांनी सगळी रक्कम ठेवलती.

आदल्या दिवशीच आमी गेलो. केजहून तिकडं तीनचाकी नेणं म्हणजे कंबरेचा पंचनामा. म्हाळूबाबांनी माझं सगळं ऐकलं, शेळ्या, करडं, मेव्हणा. मग म्हणले, "पोरा, तू गोड बोलतो. पन मानूस वाईट हाय असं मी कसं म्हनू? उद्या येतोय तो. भंडारा उचलला तर मला मागं सरता यायचं न्हाई."

"बाबा, आन पैसे आले न्हाईत तर?" कमलताई म्हणली.

"मग बिरोबा बघून घेईल त्याला."

सुभद्रा चुलीपाशी होती. तिथूनच बोलली, "बिरोबा त्याला बघंल आबा. मला कोन बघंल?"



दुसऱ्या दिवशी बिरोबाच्या देवळासमोर चिंचेखाली सतरंजी पडली, टेबल लागला, टेबलावर कागदांचा गठ्ठा आन शाईचं पॅड. पांढऱ्या गाडीतून दादासाहेब उतरला. पांढरे कपडे, एवढे कडक इस्त्रीचे की बसला तर कपडेच उभे राहावेत. आल्या आल्या म्हाळूबाबांच्या पाया पडला. मला हळूच वाटलं, च्यायला, कसला कलाकार हाय! मी आवाज काढतो, ह्यो अख्खा माणूस काढतो.

"बाबा, माझ्यावर संकट आणलंय लोकांनी," तो म्हणला. "पण मी पळून गेलो का? तुमच्यासमोर उभा आहे. तुम्ही फक्त विश्वास ठेवा." आत गेला, देवापुढच्या वाटीतून मूठभर भंडारा आन बेलाचं पान तळहातावर घेऊन बाहेर आला आन सगळ्यांसमोर म्हणला, "बिरोबाच्या साक्षीनं सांगतो, तुमचा पै न पै व्याजासकट देणार."

पिवळाधमक हात. सगळी वस्ती त्या हाताकडं बघत होती. बायांनी पदर डोक्यावर घेतले. म्हाळूबाबा काठी टेकत उठले. "उचलला बाबा भंडारा. आता मानसानं आनखी काय करावं?" आन टेबलाकडं निघाले. पॅडवाल्यानं पॅड उघडलं.

मी माईक चालू केला. "म्हाळूबाबा, एक मिनिट!"

दादासाहेबाबरोबर गळ्यात जाड चेन घातलेला एक जण होता. तो सरळ रिक्षापाशी आला आन बॅटरीची वायर उपटली. "कोन बे तू? नकल्या ना केजचा?"

"व्हय, नकल्याच. वायर राहू दे काढलेली, मालक. माझा आवाज भोंग्याच्या आधीचा हाय."

दादासाहेब हसला. "बाबा, अशा टवाळ पोराचं ऐकणार का तुम्ही? काल बाजारात नाचला, आज देवाच्या दारात."

मला वाटलं, मागच्या गावात उशीर केला, हितं वेळेवर येऊनबी गप बसलो तर मग भोंगा भंगारात घातलेला बरा. मी सतरंजीवर जाऊन उभा राहिलो.

"दादासाहेब खोटं बोलत्यात असं मी म्हनतच न्हाई," मी म्हणलं. सगळे चमकले, कमलताई सगळ्यात जास्त. "भंडारा खरा. देव खरा. मानूसबी चांगला धरा. बाबा, तुमी जल्मभर मेंढरं राखली. मला एवढंच सांगा. अर्धलीनं दिलेली शेळी मालकानं परत मागितली आन राखनारा म्हनला..." इथं मात्र मी दादासाहेबाचा आवाज काढला, त्याचीच मान, त्याचाच गहिवर, "'बाबा, शेळी सुखरूप आहे, तुम्ही फक्त विश्वास ठेवा,' तर मालक काय करतो?"

आवाज तंतोतंत उतरला होता. कुणीच हसलं न्हाई. नक्कल करून कुणी हसलं न्हाई आन मला बरं वाटलं, असं पहिल्यांदाच झालं.

म्हाळूबाबा थांबले. मागं वळले. कळपात मेंढरं मोजताना बघावं तसं त्यांनी दादासाहेबाकडं बघितलं.

"काय करतो म्हंजे?" ते म्हणले. "शेळी दाखव म्हनतो. जित्ती असंल तर दाखव, कुनाकडं बांधलीय. आन मेली असंल तर तिचा कान दाखव."

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. धनगराच्या शेळ्यामेंढ्यांच्या कानाला खूण केलेली असती, ज्याची त्याची वेगळी. राखणाऱ्याकडं जनावर मेलं तर तो कान कापून मालकाला आणून दाखवतो. कान दाखवला की मालक एक शब्द बोलत न्हाई, देवाची करणी म्हणून सोडून देतो. कान न्हाई दाखवला तर समजायचं, इकली न्हाईतर खाल्ली. मला हे ठाऊक न्हवतं. मी चार महिने गावोगाव शेळ्या सांगत फिरलो आन कान सुटला होता.

"बाबा, हे बँकिंग आहे," दादासाहेब म्हणला. "शेळ्या नाहीत."

"आमच्या शेळ्याच व्हत्या. त्या इकून तुमच्याकडं आनल्यात. जित्त्या हाईत का मेल्यात?"

"सुरक्षित आहेत."

"मग कुनाकडं हाईत? नावं सांगा. आमी जाऊन बघून येतो. मारामारी न्हाई करत, लांबून बघतो."

"कर्जदारांची नावं अशी चारचौघांत सांगता येत नाहीत. गोपनीय असतं."

"बरं. मेल्या असतील तर कान दाखवा."

"बाबा, मी भंडारा उचललाय!" दादासाहेबाचा आवाज पहिल्यांदा चढला.

"उचललाय की. न्हाई कोन म्हनतं?" म्हातारा शांत. "पन भंडारा शेळीच्या जाग्यावर चालत न्हाई. राखनारा भंडारा कवा उचलतो? कान दाखवल्यावर. मालकाला संशय आला की ह्यानं मारली का आपल्या मौतीनं मेली, तवा. आधी कान, मग भंडारा. तुमी उलटं केलं."

बायांमधून कुणीतरी म्हणलं, "दाखवा की कान." मग दुसरी म्हणली. मग पोरं म्हणायला लागली. ओरडा न्हवता, दंगा न्हवता, जो तो आपल्या जागेवरून म्हणत होता, कान दाखवा. चेनवाला मला शोधत होता, पण मी काहीच बोलत न्हवतो. आता माझ्या आवाजाची गरज उरली न्हवती.

म्हाळूबाबा पॅडवाल्याला म्हणले, "झाकन लाव त्याला, शाई वाळती." पॅडवाल्यानं दादासाहेबाकडं बघितलं आन झाकण लावलं.

पैसे आजून आलेले न्हाईत. हे इथंच सांगून टाकतो, न्हाईतर लेख संपल्यावर कुणी मला शिव्या देईल. केस चालू हाय, जमीन सुटलेली न्हाई, वस्तीतल्या एकानंबी तक्रार मागं घेतलेली न्हाई. त्या अंगठेवाल्या गावातलेसुद्धा आता कमलताईकडं येतेत, दिलेला अंगठा परत घेता येतो का विचारायला. वकील म्हणतो, प्रयत्न करू. मला एक नोटीस आली, बदनामीची. ती मी नोटीस पाठवणाऱ्या दादासाहेबाच्याच आवाजात वाचून समितीला ऐकवली, त्यावर कमलताई पहिल्यांदा हसली. आन धंदा चालूच हाय. कुठंबी पुकारायला गेलो की लोक आधी विचारतात, "कान दाखवला का रं त्यानं?" मी म्हणतो, न्हाई. ते म्हणतात, "मग सोडू नका."

तर त्या दिवशी सतरंजी गुंडाळली, टेबल गाडीत गेला. दादासाहेब गाडीपाशी उभा राहिला. मूठभर भंडारा त्यानं कधीच पाडून टाकला होता, पण घामानं हळद तळहाताला चिकटलेली, बोटांच्या फटींत भरलेली. कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्याला लागू नये म्हणून तो हात अंगापासून लांब धरून उभा. इकडंतिकडं बघितलं. सुभद्रा पाण्याची कळशी घेऊन दारात उभी होती.

"ताई, जरा पाणी द्या," तो म्हणला.

तिनं तांब्या भरला, पुढं गेली.

"प्यायला पायजे तर घ्या," ती म्हणली. "हात धुवायला न्हाई."

त्यानं तांब्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. वस्तीतलं एक माणूस हललं न्हाई. मग ड्रायव्हरनं दार उघडलं आन दादासाहेब तो पिवळा हात खिडकीबाहेर काढून बसला. गाडी चकलांब्याच्या रस्त्याला लागेस्तोवर तो हात आमाला दिसत होता.